आमच्या घरातली रीत

आमच्या वाघोलीच्या घरात भाकरी करपली किंवा कुणी उलट बोललं की हात उठायचा. आजोबांचा वडिलांवर, वडिलांचा आईवर, आईचा आम्हा भावंडांवर. शेत जाऊन तिथं इमारती उभ्या राहिल्या, दारात गाडी आली, मी हिंजवडीत नोकरीला लागले. हात उठतच राहिला.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी जेवताना वडिलांनी ताट भिरकावलं. आमटी खारट झाली होती. ताट माझ्या भावजयीच्या कपाळावर बसलं, रक्त डोळ्यात उतरलं. तिचा नवरा, माझा धाकटा भाऊ, उठला. "बस खाली!" म्हणत वडील काठी घेऊन धावले. त्यानं ती हिसकावली आणि त्यांच्याच मनगटावर घातली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तरी तो थांबेना. मी त्याला मागून मिठी मारली, तर त्याचं कोपर माझ्या तोंडावर आलं आणि दात हलला.

दवाखान्यात वडील डॉक्टरांना म्हणाले, "जिन्यावरून पडलो." डॉक्टर गेल्यावर हळूच मला म्हणाले, "पोरगं मर्द निघालं. आता घर त्याच्या हाती."

त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं. घराची रीत म्हणजे सणवार, कुळाचार असं मी समजत होते. आमची रीत ही होती, आणि ती त्या दुपारी पुढच्या पिढीकडे गेली होती.

पंधरा दिवसांत भावजयीचा फोन आला. बायकोच्या बाजूनं उठलेला माझा भाऊ आता तिलाच मारत होता. मी रजा टाकून हिंजवडीहून स्कूटरवर घरी गेले. तिला म्हटलं, "पोरीला घे, चल."

भाऊ दारात आडवा उभा. "ताई, तू पाहुणी हायस. चा पी आन जा."

"बाजूला हो."

त्यानं हात उगारला. त्याआधीच मी हातातलं हेल्मेट त्याच्या तोंडावर हाणलं. नाकातून रक्त आलं, तो खाली बसला. मी परत मारलं. गरज नव्हती. बरं वाटलं म्हणून मारलं.

त्या दोघी आता माझ्याकडे राहतात. भावजयीनं पोलिसांत तक्रार दिली आहे, एका शिवणकेंद्रात कामालाही लागली आहे. भाची पाच वर्षांची आहे. काल मी वरच्या फळीवरचा चष्मा घ्यायला हात उचलला, तर तिनं दोन्ही हातांनी डोकं झाकलं.