विरक्त माणसाचं लगेज

हसायचं तेवढं हसा, पण आधी कप खाली ठेवा. चहा सांडेल.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी गल्फमध्ये, रास अल खैमात, टाइल्सच्या कारखान्यात स्टोअरकीपर होतो. घरी बायको मीना आणि शाळकरी लेक प्रिया. एका सुट्टीत एपिक्युरस नावाच्या ग्रीक तत्त्वज्ञाबद्दल वाचलं आणि मी पार विरघळलो! काय माणूस हो! अथेन्सच्या वेशीबाहेर बाग घेतली, मित्रांना जवळ केलं आणि भाकरी-पाण्यावर मजेत राहिला. लोक त्याला चैनखोर म्हणायचे, आणि याची चैन काय? तर मित्राने थोडं चीज पाठवलं की झाली मेजवानी! सुखाला फार काही लागत नाही, मित्र मात्र हवेत, असं त्याचं म्हणणं.

झालं! मला सुखी व्हायची घाई. शुक्रवारी कारखान्याच्या कॅम्पमध्ये राहणाऱ्या कामगार पोरांना बोलावलं आणि सोफा, मायक्रोवेव्ह, म्युझिक सिस्टिम, सगळं वाटून टाकलं. फ्रीज तेवढा मीनाने देऊ दिला नाही.

"अहो, बसायचं कुठे?" मीनाने विचारलं.

"एपिक्युरस बागेत बसायचा."

"आपण तिसऱ्या मजल्यावर राहतो!"

पुढच्या शुक्रवारी चमत्कार! पोरं एकेक करून पुडकी घेऊन दारात हजर. कुणी खजूर, कुणी दूध पावडर, कुणी अत्तर. जो येतोय तो गळ्यात पडतोय. गुहागरचा मधू तर चक्क डोळे पुसत होता. त्याने चीजचा डबा आणला होता आणि एक लाल फ्रॉक.

चीज! मला भरूनच आलं. पोरांची पाठ वळताच डबा फोडला आणि खुबूसच्या रोटीबरोबर फस्त केला.

"बाबा, धिस फ्रॉक इज फॉर अ बेबी!" प्रिया म्हणाली.

"माप बघू नये बाळा, माया बघावी."

दोन दिवसांनी मधू स्टोअरमध्ये आला. "भाऊ, फ्लाइट कधी?"

"कुणाची?"

"तुमची! सामान वाटलंत ना? व्हिसा खलास झाल्याशिवाय इथे सोफा कोण देतो? फ्रॉक तेवढा वाढदिवसाआधी पोचवा हां. पोरगी वर्षाची होतेय. मी अजून बघितली नाय तिला. आणि चीज आईला द्या."

गल्फमध्ये घरसामान वाटणारा म्हणजे कायमचा गावी निघालेला, आणि गावी निघालेल्याकडे सगळ्यांची पुडकी! इतकी वर्षं राहून मला हे कळू नये?

खरं सांगायला तोंड उघडलं. मधू पोरीचा फोटो पुढे करून उभा होता. बाहेर पडलं ते एवढंच, "इन्शाल्ला, पोचवतो."

मीना हे ऐकून हसता हसता जमिनीवर बसली. दुसरं होतंच काय बसायला! मग डोळे पुसत म्हणाली, "रजा टाका आणि जा. चीज आठवणीने नवीन घ्या."

गेलो. सुखाला फार लागत नाही म्हणणारा मी, जादा वजनासाठी विमानतळावर हात जोडत होतो. गुहागरला मधूच्या आईने चीजचा डबा आधी देवापुढे ठेवला. पोरगी फ्रॉक घालून माझ्या चष्म्याशी झोंबली आणि खुदकन हसली. ते हसू बापाच्या आधी मला मिळालं, याचं फार वाईट वाटलं. आणि आनंदही झाला, खोटं कशाला बोलू?

परत आलो तर कारखान्याच्या गेटवर मधू. मला बघून चाटच पडला. म्हटलं, "बाबा रे, व्हिसा शाबूत आहे, डोकं तेवढं फिरलं होतं." पण त्याचं लक्ष कुठे होतं? हसते कशी, दात किती आलेत, चालते का, पुन्हा पुन्हा तेच विचारत राहिला. मीही पुन्हा पुन्हा सांगत राहिलो.

मग जरा घुटमळला आणि हळूच म्हणाला,

"भाऊ, फ्रीज अजून आहे ना घरात? पुढच्या वाढदिवसाआधी वाटून टाका की!"