नारायणपेठ: एक काना इकडून तिकडे

१६ जून २०१४, बरकतपुरा

फेब्रुवारीपासून इथे एक ओळही लिहिली नाही, माफ करा. राज्य फुटत होतं, बंद होते, शाळेचे पेपर होते, ही सबब चांगली आहे पण खरी नाही. फेब्रुवारीत पणजोबांच्या आरतीवर लेख टाकला, त्याचं कौतुक झालं, आणि पुढचं काही तेवढं जमेना, एवढंच. आज आले आहे ती तोच लेख मागे घ्यायला.

नारायणपेठ म्हटलं की लोकांना लुगडं आठवतं. आम्हाला आरती. तिथल्या राममंदिरात पणजोबा नरहरीपंत पुजारी होते, आणि आजही तिथे म्हटली जाणारी आरती त्यांची, असं आम्ही तीन पिढ्या सांगतो. चौऱ्याऐंशी वर्षांच्या काकांची एकच इच्छा उरली आहे: तिची शेवटची दोन कडवी, खाली नरहरीपंतांचं नाव, असा दगड देवळात बसलेला बघायचा. पण सुलतान बाजारातला पाटीवाला पंधरा दिवस अख्ख्या शहराच्या पाट्यांवरचं 'आंध्र' खोडून 'तेलंगणा' करतो आहे. दगड कोराच. तेवढ्यात भिंतीचं माप घेऊन ये, म्हणून काकांनी मला पिटाळलं.

शनिवारी सकाळी इमलीबनहून बस. साडेचार तास, तिकीट दीडशेच्या आत. महबूबनगरपर्यंत रस्ता गुळगुळीत, पुढे बरगड्या मोजून घ्याव्यात. जडचर्लाला मिरची भजी जरूर खा, पण उभ्यानेच. मी चहा फुंकत बसले तर कंडक्टर म्हणाला, "अम्मा, बस है, सास नई. रूठके बैठती नई, चले जाती."

गाव निजामाचं होतं, मग आंध्रचं, आता तेलंगणाचं. गाव जागचं हललं नाही, पत्ता तेवढा बदलत राहिला. विणकरांच्या गल्लीत मागांची खटखट, त्यापुढे चढ, चढावर देऊळ. मी पोचले तेव्हा कवाड बंद. पायरीवर बसले आणि तोंडातून निघालं, "दमले बाई."

समोरच्या ओट्यावर प्रमिलाकाकू ज्वारी निवडत होत्या. वय ऐंशीच्या आसपास, सासर तेच घर. त्या हसल्या आणि सुपावर ताल धरून आमच्या आरतीचं शेवटचं कडवं म्हणू लागल्या:

दमले मी वाट पाहुनि, रामा, उघड कवाड,
गोपाळतनया विनवी, नको येऊ देऊ आड.

मी शिक्षिका. लगेच चूक काढली. आजोबांनी छापलेल्या पुस्तिकेत 'दमलो' आहे आणि 'गोपाळतनय' आहे, गोपाळाचा मुलगा, म्हणजे आमचे पणजोबा.

"तो कुठला दमतो," काकू म्हणाल्या. "तो आत घोरायचा. दमायची ती, त्याची थोरली बहीण. अक्का म्हणायचे सगळे. पहाटे देवाचं पाणी घेऊन कवाडाशी उभी, आणि पुजारी काय उठत नाही. मग तिनं हे रचलं. गल्लीतल्या बाया त्याला उठवायला म्हणायच्या. माझ्या सासूनं सांगितलंय."

मी त्यांना सांगितलं की या कडव्यातून जिवाची शिवासाठी तळमळ दिसते. मीच लिहिलंय तसं. काकूंनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

देऊळ उघडल्यावर माप घेतलं आणि जेवायला त्यांच्याकडेच थांबले, अंबाडीची भाजी आणि भाकरी. नंतर त्यांनी सासूची वही काढली. स्पष्ट: दमले, तनया. एका म्हातारीच्या ऐकीव गोष्टीवर किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न मी परतीच्या बसमध्ये महबूबनगरपर्यंत चघळला. मग दोन्ही पाठ मनात म्हणून पाहिले. 'गोपाळतनय' चालीला एका मात्रेने तोकडं पडतं. म्हणून आमच्या घरात तिथला 'य' ताणतात. पाहुण्यांना कुणाला तरी ठसका लागल्यासारखं वाटतं. आजोबांनी 'तनया'चा काना काढला आणि तोच 'दमले'ला लावून 'दमलो' केलं. माणूस काटकसरी. एका कान्यात बहिणीचा भाऊ झाला, तिचं ओझं त्याची भक्ती झाली, आणि मी त्यावर हजार शब्द लिहिले. 'तनय' मलाही खटकला होता. वृत्तात चालतं, म्हणून सोडून दिला होता.

काल संध्याकाळी काकांना सांगितलं. माप विचारलं त्यांनी आधी. मग बाकीचं ऐकून घेतलं. वंशावळीचा कागद मागितला, चष्मा लावून पाहिला. त्यात मुलगीच नाही एकही. आमच्याकडे मुलगे थेट फांदीला लागत असावेत.

शेवटी ते हळूच म्हणाले, "म्हणून दाखव."

मी 'तनया' म्हटलं. ते माझ्यामागून म्हणाले. ओळ सरळ गेली, ठसका न लागता.

"सत्तर वर्षं तो 'य' ओढून घसा गेला माझा," काका म्हणाले. मग विचारलं, "नरहरीपंतांचं नाव जाणार?"

मी हो म्हटलं. सोपं नव्हतं, त्या नावासाठी त्यांनी किती वाट पाहिली, मला ठाऊक आहे. त्यांनी वंशावळीची घडी घातली, परत उघडली, आणि पेन मागितलं. गोपाळरावांच्या खाली, नरहरीपंतांच्या डावीकडे, लिहिलं: अक्का.

"दगडावर नावाच्या जागी एवढंच घाल," म्हणाले. "त्याला झोपू दे."

तर जाणार असाल तर जा. बस बरी आहे, भाकरी उत्तम. आरती ऐका, पण फेब्रुवारीतला माझा लेख वाचू नका. 'तनय' खटकला होता तरी मला कौतुकाचा पाठ आवडला, हे मात्र कुठे खोडता येत नाही.

उद्या: सुलतान बाजार, पाटीवाल्याचं कवाड उघडायच्या आत जाऊन उभं राहणे, आणि त्याला दिलेल्या कागदावरच्या 'दमलो'चा काना काढून 'तनय'ला लावून घेणे.