बिनसुईची सिरिंज

कांद्यावर घालायला व्हिनेगरची बाटली उघडली, की आमच्या नाशिक रोडच्या घरातलं मागचं बाथरूम आठवतं. खिडकीला काळा कागद डकवून नवरा तिथे हौसेने फोटो धुवायचा. लाल दिव्यात असाच आंबट वास भरून राहायचा. पाण्यात मिसळायचं केमिकल तो बिनसुईच्या सिरिंजने मोजायचा, डोळ्यांसमोर धरून, टिचकीने बुडबुडा काढून. जरा जास्त झालं तरी सगळं ओतून पुन्हा भरायचा. सासूबाईंना गिळता येईनासं झालं, तेव्हा सिरिंजने पाणी पाजायचं काम म्हणूनच त्याच्याकडे आलं. गालाच्या कडेने थोडंसं सोडायचा, घोट उतरेपर्यंत थांबायचा, मगच पुढचं. त्या गेल्यावर दहाव्याला ठेवायचा फोटोही त्यानेच करायला घेतला, वणीच्या गडावर त्या खळखळून हसल्या होत्या तो. मी दाराशी उभी होते. त्याने सिरिंज भरली, बुडबुडा काढला आणि केमिकल पाण्यात थोडंसं सोडून थांबला. पुन्हा थोडंसं सोडलं, पुन्हा थांबला. "अरे, एकदम सोड ना," मी म्हणाले. सिरिंजवरची नजर न काढता तो म्हणाला, "ठसका लागेल तिला."