चवीचा घास

“काटा थांबू दे, मग बोल,” असं ती म्हणायची आणि झोळीत लोंबकळणाऱ्या पोराची पावलं दोन्ही तळव्यांत धरून अलगद सोडायची. वजनकाट्याची सुई डोलायची थांबेपर्यंत तिचा श्वासही थांबलेला असे. आकडा वाचला की आधी पोराचा पापा, मग वहीत नोंद.

कर्जत आणि खालापूरच्या मधल्या डोंगराला टेकलेल्या एका वाडीत ती अंगणवाडी चालवायची. मी आरोग्य केंद्रातली नर्स. महिन्यातून दोनदा लसींची पेटी घेऊन पायथ्यापासून तिच्याबरोबर चढायचे. तिला अहो-जाहो आवडत नसे, म्हणून मी ताई म्हणायचे आणि अरे-तुरे करायचे. अंगानं ती चांगलीच भारी होती. दर वळणावर थांबायची, पण दम लागलाय असं कधी सांगायची नाही. करवंदीच्या जाळीत कुठला पक्षी बोलतोय ते ऐक, म्हणायची. पक्षी कधी असायचा, कधी नसायचा. खाली साजगावच्या कारखान्यांचा धूर धुक्यात मिसळलेला असे आणि आम्ही दोघी नसलेल्या पक्ष्याला कान देऊन उभ्या. ती चढण मला अजून स्वप्नात दिसते. दर खेपेला वाडी थोडी लांब गेलेली असते.

नियम असा, की खिचडी पोरांना वाढण्याआधी सेविकेनं घासभर खाऊन पाहायची आणि चवीच्या रजिस्टरात सही करायची. ती डोळे मिटून खायची. मीठ कमी असेल तर मदतनीस बाईला नुसत्या भुवईनं सांगायची. एकदा कुणीतरी नेमका त्या घासाचा फोटो काढला. पायथ्याच्या गावच्या ग्रुपवर तो फिरला. खाली लिहिलं होतं, ‘पोरं वाळली, बाई फुगली.’

गावाला आयता विषय मिळाला. ग्रामसभेत चर्चा, शिळफाट्याला वडापावच्या गाडीवर चर्चा. तोंडावर ताबा ठेवणं ही ज्याची त्याची जबाबदारी, असं तिसरा वडा संपवत सांगणारेही होते. कुणी तेलाला दोष देई, कुणी बाहेरच्या खाण्याला. शेवटी गाडी तिच्यावरच येई. तालुक्याच्या बैठकीत आहारावर बोलायला आलेल्या पाहुण्या बाईंनी सांगितलं, की वजन वाढतं ते आपल्याच सवयींनी. पुढच्या तीन रांगा मागे वळून ताईकडे पाहू लागल्या. ती मान खाली घालून वहीत काहीतरी लिहीत होती. मी डोकावले, तर तिनं पानभर मासोळ्या काढल्या होत्या.

तिच्या थायरॉइडचा रिपोर्ट मी पाहिला होता. खाणं तर माझ्याहून कमी. मी म्हटलं, ताई, तो कागद टाक ग्रुपवर, सगळ्यांची तोंडं बंद होतील. ती खाली बसून पोटऱ्या चोळू लागली.

“आन् आजार नसता तर?” ती म्हणाली. “नुसती जाडी बाय चोर ठरती काय गं?”

मी लसींची पेटी उचलून खांद्याला लावली.

बोलली अशी, पण तिला आतून फार लागलं होतं. वाडीत तिनं खाणंच सोडलं. पाण्याशिवाय काही नाही. चवीचा घासही नाही, रजिस्टरात सही तेवढी. मग एके दिवशी, मी वाडीत असताना, मीठ तिनंही घातलं आणि मदतनीस बाईनंही. चाखलं कुणीच नाही. पोरांनी पहिल्याच घासाला तोंडं वाकडी केली आणि ताटल्या भरलेल्याच राहिल्या. त्यातल्या काहींचं दिवसातलं खरं जेवण तेवढंच होतं, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

वाडीतली एक आई उंबऱ्यात बसली होती. ती रागावली नाही.

“बाय, बोलत्यात ते खालचं लोक,” ती म्हणाली. “उपाशी आमची पोरं रायली.”

ताईनं तिथंच डोळ्यांना पदर लावला. पुढच्या खेपेला मी गेले, तर ती भर दारात, पायवाटेकडं तोंड करून बसली होती. चवीचा घास खाल्ला, सही केली. मग घरून आणलेली तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी फडक्यातून काढून पोरांच्या पंगतीत जेवायला बसली. वाटेवरून जाणाऱ्या कुणीतरी मोबाईल काढला. तिनं चावणं थांबवलं नाही.

आता ती घाटावर लेकीकडे असते. इकडे येणं होत नाही.

तिच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही दोघी शेवटचं एकत्र उतरलो. मोहाचा वास सुटला होता, खाली उन्हाळी भात पिवळा झाला होता. अर्ध्या वाटेवर मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं, की तो फोटो फिरला त्या आठवड्यात, ती बाहेर गेलेली असताना, मी तांदळाचं पिंप उघडून आतला तांदूळ साठ्याच्या रजिस्टराशी ताडून पाहिला होता. सगळा बरोबर होता. पण पाहिला होता.

ती चालतच राहिली.

“म्हाईत हाय मला. झाकन उलटं लावलंवतंस तू.”

“मग बोलली का नाहीस, ताई?”

“काय बोलू? तू मोजून तरी बगितलंस. बाकीच्यांनी तेवडं पन नाय केलं.”

माझे पाय तिथंच थांबले. रडू आवरून मी पाहिलं, तर ती खालच्या खाचरांपर्यंत पोचली होती आणि पिवळ्या भाताच्या बांधावरून एकटीच सावकाश चालली होती.