साठाव्या वर्षीचे परीक्षार्थी : सुभेदार देवाजी कापगते

सुभेदार देवाजी कापगते यांची आणि माझी पहिली भेट सहा वर्षांपूर्वी मुक्त विद्यापीठाच्या साकोलीतल्या अभ्यासकेंद्रात झाली. रविवारचा वर्ग होता. मी आत शिरताच मागच्या बाकावरचे पिकल्या मिशांचे एक गृहस्थ ताठ उभे राहिले. बाकीची मुले बसलेलीच होती. मी म्हणालो, "बसा." ते म्हणाले, "तुम्ही बसल्यावर, सर." मी कधी बसून शिकवत नाही. त्या दिवशी मात्र त्यांच्यासाठी दोन मिनिटे खुर्चीत बसावे लागले.

सुभेदार सानगडीच्या धान पिकवणाऱ्या घरातले. बारावी होऊन सैन्यात गेले आणि अठ्ठावीस वर्षांनी गावी परतले. माजी सैनिकांना पदवीच्या शिक्षणासाठी फीमध्ये सवलत आहे, हे त्यांनी एका कार्यालयाच्या फलकावर वाचले आणि डिस्चार्ज बुक घेऊन ते प्रवेशाच्या रांगेत उभे राहिले.

इथे मला माझी एक चूक कबूल करायची आहे. पहिल्या वर्षी मी निबंध दिला होता, 'माझ्या आयुष्यातील अविस्मरणीय प्रसंग', तीनशे शब्द. सुभेदारांनी लिहिले : "पहाटे चारला गस्तीवर निघालो. सात जण गेलो. सहा जण परत आलो." बस, एवढेच. मी दहापैकी दोन गुण दिले आणि लाल शाईने शेरा मारला, 'उत्तर अपुरे. विस्ताराने लिहा.' वर्ग सुटल्यावर ते वही घेऊन आले. तक्रार करायला नव्हे, समजून घ्यायला. "सर, रिपोर्ट तं पूर्ण आहे. यात काय राहिलं?"

मी चरकलो. त्यांना बाहेर चहाच्या टपरीवर नेले आणि विचारले, "सातवा कोण होता?" त्यांनी सांगायला सुरुवात केली. टपरीवरच्या दोन्ही चहांवर साय धरली, तरी ते सांगतच होते. शेवटी मी म्हणालो, "हेच लिहा." त्यांनी विचारले, "हे लिहाची परवानगी असते?" पुढच्या रविवारी त्यांनी नऊ पाने आणली. जन्मभर पुस्तके वाचलेल्या मला त्या नऊ पानांनी वाचायला शिकवले.

आपल्याकडे जवानाला हार घालायची फार हौस. वर्षातून दोनदा झेंड्याखाली त्याला खुर्ची मिळते, आणि उरलेले दिवस तोच माणूस कुणाच्या तरी फाटकावर स्टुलावर बसलेला दिसतो. ऐन चाळिशीत! पहाऱ्याचे काम हलके नाही. पण त्याला दुसरे काही करता येणारच नाही, असे आपण गृहीत धरतो याची मला चीड आहे. फीची सवलत ही मेहरबानी नाही, तो हक्क आहे. मी हे सभांमधून ओरडून सांगत राहिलो. सुभेदारांनी न ओरडता आपली ओसरी झाडली आणि दर रविवारी दुपारी तिथे माजी सैनिकांना अभ्यासाला बसवले. आज आठ जण येतात.

त्यांतले एक नायक रतिराम, आंधळगावचे, वरठीला एका फाटकावर पहारा करतात. त्यांचा शाळेचा दाखला हरवला होता. ऐन धान कापणीत सुभेदार तीन वेळा मोटारसायकलने त्यांच्या जुन्या शाळेत गेले आणि दुसरी प्रत घेऊनच आले. शेवंताबाई, म्हणजे सुभेदारांच्या पत्नी, मला म्हणाल्या, "सर, धान बांधीत उभा आहे अन् हे दुसऱ्याचा दाखला शोधून राहिले!" रतिरामांचा प्रवेशाचा फॉर्म मात्र अजून कोराच आहे. ते स्पष्ट सांगतात, "साहेब पास झाले तं मी भरतो. नाई तं आपलं गेटच बरं."

आणि माझी काळजी इथेच सुरू होते. सुभेदारांचा एकच पेपर राहिला आहे, राज्यशास्त्राचा. त्यात ते दोनदा नापास झाले. ओसरीत त्याच प्रश्नाला ते चार पाने लिहितात, परीक्षेत चार ओळी. "घंटा झाली का हात आपोआप रिपोर्ट लिहिते, सर," ते म्हणतात. आम्ही घंटेचा सराव सुरू केला. शेवंताबाई थाळी वाजवतात आणि सुभेदार लिहायला बसतात. "शेजारी इचारतेत, रोज कोन्ती पूजा आहे?" असे म्हणत त्या वाजवतात. रतिराम टोमणा मारतात, "साहेब, हुकूम देनं सोपं होतं ना?" सुभेदार मान वर न करता उत्तर देतात, "चूप राय. तिसरं पान चालू आहे."

ही तिसरी आणि शेवटची संधी आहे. या सत्रानंतर त्यांच्या नोंदणीची मुदत संपते आणि सवलत दुसऱ्यांदा मिळत नाही. नव्याने प्रवेश घ्यायला ते तयार नाहीत. "दुसऱ्याची जागा अडवाची नाई," म्हणतात.

साठीनिमित्तचा हा गौरवसमारंभ आणि हा ग्रंथ निकालानंतर करा, असा त्यांचा हट्ट होता. "फेल झालो तं लोक हार वापस मागतील, सर." मी ऐकले नाही. जो माणूस साठाव्या वर्षी आठ जणांच्या देखत नापास व्हायला तयार असतो, त्याचा गौरव गुणपत्रिकेसाठी थांबवायचा नसतो. हे मी ठासून लिहितो आहे. पण खरे सांगतो, मला धास्ती आहे. ते चार ओळींवर थांबले तर ओसरीतले आठ जण उठून जातील, आणि त्यांना पुन्हा बसवायला माझे एकही भाषण पुरणार नाही.

सुभेदार साहेबांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर शाबूत राहो, बोटे थकू नयेत, ओसरी भरलेली असो. आणि हा ग्रंथ हाती घेऊन समारंभाला आलेल्या तुम्हा सर्वांना माझी हात जोडून विनंती आहे. हार घाला, नमस्कार करा. पण फोटोसाठी त्यांना ताटकळत ठेवू नका, जेवणाचा आग्रह करू नका. उद्या सकाळी दहा वाजता भंडाऱ्याला त्यांचा पेपर आहे. त्यांना लवकर घरी जाऊ द्या.