भागीरथाचं बक्षीस

नाटकाचे पास हरिभाऊ गुरुजींनी स्वतः पाठवले होते. हिंगणीत मास्तर असताना त्यांचा दोन्ही वेळचा डबा भागीरथाकडून जायचा. आता ते निवृत्त होऊन वर्ध्यात राहत होते. त्यांनी लिहिलेल्या एका खुनाच्या कादंबरीवर ते बसलं होतं. रविवारी दुपारी भागीरथा ठेवणीतलं पातळ नेसून, शेजारच्या देवकाबाईला घेऊन वर्ध्याच्या नाट्यगृहात आली.

पहिला अंक हसण्यात गेला. दुसऱ्यात रंगमंचावरच्या बाईने नवऱ्याच्या भाजीत विषाची पुडी कालवली. तो रात्री पिकाला पाणी द्यायला, ओलिताला निघाला तेव्हा ती दारातून म्हणाली, "लवकर या जी. मले एकलीले भेव लागते."

ते वाक्य भागीरथाचं होतं, शेवटच्या रात्री तिने नवऱ्याला म्हटलेलं. तो वारल्यावर डबा देताना तिने गुरुजींच्या ओसरीवर ते सांगितलं होतं. नटीच्या हनुवटीवर तिच्यासारखंच गोंदण होतं. नाटकातला नवरा वावरात मेला. गावाला वाटलं, पान लागलं. साप डसला असं हिंगणीत कोणी तोंडाने म्हणत नाही.

"हे तं तूच हायेस वं," देवकाबाई कुजबुजली.

"मी काऊन?"

"गोंदण पाय ना."

अंकाचा पडदा पडला तशी भागीरथा उठली. गावच्या नाटकात नटाला बक्षीस दिलं की माइकवर देणाऱ्याचं नाव पुकारतात. तो सांगेल ते बोलही पुकारतात. शहरात ही रीत नाही. पण निवेदनासाठी माइक धरून उभा असलेला धीरज खेड्यातलाच होता. त्याने तिने पुढे केलेली नोट घेतली.

"काय म्हणू, मावशी?"

"म्हण, हिंगणीच्या भागीरथाकडून जहर देणाऱ्या बाईले बक्षीस. माह्या नवऱ्याले पान लागलं होतं. गुरुजीनं माह्या घरचं खाऊन मलेच खुनी केलं."

धीरजने पहिलं वाक्य पुकारलं. पुढचं त्याच्या तोंडातून निघेना. त्याने माइक खाली घेतला. टाळ्या पडल्या. मग तिच्या हनुवटीवरचं गोंदण दिसलं तशा एकेका रांगेतल्या माना वळल्या.

"हीच का ती?" कोणीतरी विचारलं.

गुरुजी पहिल्या रांगेत होते. भागीरथा त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"उठा, गुरुजी. सांगा लोकाईले, मी नाई मारलं म्हणून."

"खाली बस. कादंबरी आहे ती. सगळं कल्पनेतलं."

"गोंदण कल्पनेतलं हाये काय?"

"तुझं नाव कुठे आलंय त्यात? नाव तर तूच पुकारायला लावलंस."

गुरुजी शेजारच्या पाहुण्यांकडे वळले. सरबत आलं होतं.

तिसरा अंक न बघता दोघी निघाल्या. एसटीत सेलू आल्यावर देवकाबाईने विचारलं.

"भागे, खरं सांग. त्या रात्री भाजी कशाची केलती?"

भागीरथाने तिच्याकडे नीट पाहिलं.

"केलीच नाई. तुह्या नातवाचं बारसं होतं. तुह्याच पंगतीतून उठून तो वावरात गेलता."

देवकाबाईचा हात पदरावर थांबला.

"मंग मी जहर घातलं म्हणतं काय?"

"मी काईच म्हणत नाई. तू इचारलं, मी सांगितलं."

पुढे एक जागा रिकामी झाली. देवकाबाईने भागीरथाच्या मांडीवरची आपली पिशवी ओढून घेतली आणि तिकडे जाऊन बसली.