कंस न घालणारा माणूस

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. लग्न होऊन आले आणि पहिल्यांदा कपाट उघडलं, तेव्हा मला वाटलं, माझ्यासाठीच काहीतरी लिहून ठेवलंय. लाजत लाजत वाचायला गेले, तर वरपासून खालपर्यंत पंधरा ओळी आणि प्रत्येक ओळीत अधिक, वजा, गुणिले, उद्गारचिन्ह, टोपीसारखी खूण असला सगळा बाजार. हे म्हणाले, "प्राधान्यक्रम आहे तो. कुठलं चिन्ह आधी सोडवायचं, कुठलं नंतर. मला तोंडपाठ आहे." तोंडपाठ आहे तर चिकटवलाय कशाला, हे मी त्या दिवशी विचारलं नाही. नवी होते. पुढची सत्तावीस वर्षं मात्र अधूनमधून विचारत आले.

आमचे हे प्रोग्रॅमर. कंपनी छोटीशी, एका जुन्या छापखान्याच्या वरच्या मजल्यावर. पंप, पंखे, शटर आपोआप चालू-बंद करणारे डबे तिथे बनतात, आणि त्या डब्यांना अक्कल देण्याचं काम ह्यांच्याकडे. माणूस तसा गरीब. आवाज कधी चढत नाही, भाजीत मीठ जास्त झालं तर निमूटपणे पाणी जास्त पितात. खोड एकच: कंस घालायचा नाही.

आता हे मला समजलं तसं सांगते. दोन अधिक तीन गुणिले चार किती? शाळेत लक्ष दिलेला कोणीही म्हणेल, गुणाकार आधी, म्हणून चौदा. ज्याला वाद नको असतो, तो तीन गुणिले चारभोवती कंस घालतो आणि मोकळा होतो. ह्यांच्या मते असा माणूस कच्चा. "कंस म्हणजे कुबड्या," हे म्हणतात. "ज्याचे पाय धड आहेत, त्याला कशाला हव्यात?"

मी औषधांच्या दुकानात काम करते. आमच्या काउंटरवर एक जुनं कॅल्क्युलेटर आहे. एकदा मी त्यावर दोन अधिक तीन गुणिले चार असं ओळीने दाबलं, तर उत्तर आलं वीस. ते बिचारं येईल तसं सोडवत जातं. घरी येऊन ह्यांना दाखवलं. ज्या नजरेनं माझ्या माहेरच्या माणसांकडे पाहायची ह्यांना कधी हिंमत झाली नाही, त्या नजरेनं ह्यांनी त्याच्याकडे पाहिलं. म्हणाले, "अडाणी आहे ते."

"अडाणी असेल, पण दुकानात दिवसभर तेच असतं," मी म्हटलं.

मी पुड्यांवर सूचना लिहिते त्याही ह्यांना पाल्हाळीक वाटतात. पूर्वी मीही थोडक्यात लिहायचे: ताप असेल किंवा अंग दुखत असेल आणि पोटात अन्न असेल तर एक गोळी. एका आजोबांनी ताप आला म्हणून उपाशीपोटी घेतली आणि दोन दिवस कळवळत पडले. त्यांचं म्हणणं, अन्नाची अट अंगदुखीला होती. तेव्हापासून मी मोठ्या अक्षरात लिहिते, काही झालं तरी आधी खा. मग पुढचं. हे म्हणतात, तुझे पेशंट नियम शिकत नाहीत. मी म्हणते, माझे पेशंट तापात असतात हो.

ह्यांच्या ऑफिसात एक तपासनीस बाई आहेत. ह्यांनी लिहिलेलं वाचायचं, चालवून पाहायचं आणि शंका काढायच्या, ही त्यांची नोकरी. गेल्या वर्षी टाकीचा नवा डबा निघाला. इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी भरली की पंप थांबवायचा, एवढंच काम. पण त्यात दोन सोयी होत्या. एक, टाकी भरलेली असतानाही बागेचं बटण दाबलं तर पंप थांबत नाही आणि ओसंडणारं पाणी नळीतून कुंड्यांना जातं. दुसरी, टाकी धुवायला माणूस आत उतरला की डब्याचं कुलूप फिरवायचं, म्हणजे काही केलं तरी पंप बंदच. ह्यांनी हे सगळं एका ओळीत बसवलं: पंप थांबव, जर कुलूप लागलेलं असेल किंवा टाकी भरलेली असेल आणि बागेचं बटण दाबलेलं नसेल.

बाई म्हणाल्या, "साहेब, 'टाकी भरलेली' आणि 'बटण दाबलेलं नसेल' या दोघांना एका कंसात घाला ना. वाचताना दोन अर्थ लागतात."

हे म्हणाले, "'आणि' आधी, 'किंवा' नंतर. अकरावी आणि बारावी ओळ. कपाट उघडून बघायचीही गरज नाही."

घरी येऊन ही हकीकत हसत हसत सांगितली. मी म्हटलं, घाला की, दोन कंसांना काय वजन असतं? पण पालथ्या घड्यावर पाणी. डबा पास झाला. पहिला आमच्याच इमारतीत बसला, आणि वर्षभरात आणखी चाळीस इमारतींत.

परवा रविवारी आमची टाकी धुवायची होती. टाकी धुणाऱ्यांना सगळी इमारत मामा म्हणते. साठीला आलेला किडकिडीत माणूस, खांद्यावर दोरीची शिडी, हातात लांब दांड्याचा ब्रश. मामांची एक रीत आहे. टाकी रिकामी केली की आधी तळमजल्यावर जाऊन पंपाचा फ्यूज काढतात, तो शर्टाच्या खिशात टाकतात, वरून बटण लावतात आणि मगच आत उतरतात. फ्यूज कोणाच्या हातात देत नाहीत.

त्या दिवशी टाकी रिकामी झाली आणि ते जिन्याकडे निघाले, तर हे आडवे आले. "मामा, आता फ्यूजची गरज नाही. कुलूप आहे. मीच लिहिलंय."

"असू दे साहेब. मी काढतो."

"अहो, पण मग कुलूप कशाला केलं मी?"

"ते तुम्हाला माहीत," मामा शांतपणे म्हणाले. "एवढी खात्री असेल तर तुम्ही उतरा."

सत्तावीस वर्षांत ह्यांना असं कोणी म्हटलं नव्हतं. ह्यांनी गच्चीच्या भिंतीवरच्या डब्याचं कुलूप फिरवलं, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि मी अहो अहो करेपर्यंत शिडीवरून आत उतरलेसुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. आतून घुमल्यासारखा आवाज आला, "अगं, ते बागेचं बटण दाब! दाब बिनधास्त! काही होणार नाही!"

मी दाबलं. नवऱ्यानं इतक्या वर्षांत एवढ्या हौसेनं काही मागितलं नव्हतं.

आधी खाली पंप घुरघुरला. मग टाकीत धबधबा फुटल्यासारखा आवाज झाला, ह्यांची एक किंकाळी आली, काहीतरी धप्पकन आदळलं आणि त्यानंतर फक्त पाणी. ह्यांचा आवाज नाही. मी पुन्हा बटण दाबलं, पंप थांबला. तो थांबला की नाही हे कळायच्या आत घाबरून तिसऱ्यांदा दाबलं, तो पुन्हा सुरू झाला. मामांनी माझा हात धरून बाजूला केला आणि डब्याशेजारचा विजेचा मोठा खटका खाली ओढला. सगळं शांत झालं. तेवढ्या क्षणात मला ह्यांच्या सगळ्या खोडी आवडायला लागल्या होत्या, हे कबूल करते.

टाकीतून खोकल्याचा आवाज आला. मग ह्यांचे पहिले शब्द: "हे शक्यच नाही."

गर्वाचं घर खाली असतं म्हणतात. आमचं गच्चीवरच्या टाकीत निघालं.

मामांनी ह्यांना वर ओढून काढलं. पाठीवर पाण्याचा झोत बसून हे तोंडावर पडले होते. चष्मा आत राहिला होता, कोपर सोलवटलं होतं. मी टॉवेल आणला, तर हे तो गळ्यात अडकवून तसेच ठिबकत डब्याशी गेले आणि झाकणाच्या आत ठेवलेली पुस्तिका काढली. चष्मा नव्हता, म्हणून वाचायला मला दिली. कपाटातला कागद जुन्या भाषेचा, ह्या डब्याची भाषा नवी होती. नवव्या पानावर स्वच्छ लिहिलं होतं: 'आणि' आणि 'किंवा' यांचा दर्जा सारखाच, डावीकडून उजवीकडे, येतील तसे सोडवले जातील.

मी पुस्तिका मिटली. "म्हणजे हा डबा माझ्या कॅल्क्युलेटरच्याच जातीचा निघाला."

हे बोटानं हवेत ती ओळ पुन्हा लिहीत होते. आधी कुलूप किंवा टाकी भरलेली. मग त्या दोघांवर मिळून बटणाची अट. म्हणजे बागेचं बटण दाबलं की कुलूपही निकामी. "मला पाठ होतं हो," हे मामांना म्हणाले, अगदी लहान तोंड करून. "पंधराच्या पंधरा ओळी पाठ होत्या."

मामा दोरी गुंडाळत होते. "माझ्या भावाच्या वेळीही सगळ्यांना पाठ होतं, साहेब. पंप बंद आहे म्हणून. भाऊ वाचला, पण पाठीत मार बसला तो बसला. घरीच असतो आता."

ह्यांचा चेहरा उतरला. माझ्याकडे वळून म्हणाले, "अगं, आज रविवार. टाक्या धुवायचा दिवस. आणखी चाळीस इमारती आहेत."

पहिला फोन त्यांनी तपासनीस बाईंना लावला. मी शेजारीच होते. "बाई, तुमचं बरोबर होतं. मी तेव्हा ऐकायला हवं होतं." पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. बहुतेक बाई कुठेतरी टेकल्या असाव्यात. मग यादी निघाली, वीस इमारती बाईंनी घेतल्या, वीस ह्यांनी. "पण प्रत्येकाला सांगा, चूक माझी आहे," हे म्हणाले. "डब्याची म्हणू नका."

ओल्या कपड्यांनी गच्चीच्या कठड्याला टेकून ह्यांनी फोन सुरू केले. माणूस टाकीत उतरवू नका, आधी फ्यूज काढा, कुलपावर विसंबू नका, चूक माझी आहे. पहिल्या दोन-तीन वेळा 'चूक'पाशी जीभ अडखळली. अकराव्या फोनवर पहारेकरी म्हणाला, माणूस आत्ताच उतरलाय, आणि वरती कोणीतरी बाई कुंड्यांना पाणी घालायला आल्यात.

मघाशी म्हटलं ना, ह्यांचा आवाज कधी चढत नाही. त्या दिवशी चढला. "त्यांना बटणापासून लांब करा! माणसाला बाहेर काढा आधी, मग मला काय शिव्या द्यायच्या त्या द्या!" फोन कानाला लावून हे तसेच उभे राहिले. मामाही हातातलं काम सोडून उभे राहिले. दोन-तीन मिनिटांनी पलीकडून कोणीतरी धापा टाकत म्हणालं, "आलो हो वर. काय झालं?"

"काही नाही झालं," हे म्हणाले आणि खाली फरशीवरच बसले. मग उरलेले नऊ फोन बसून केले.

सगळे फोन संपले तेव्हा मामा खाली जाऊन फ्यूज काढून आले. सवयीनं हात खिशाकडे गेला, तिथेच थांबला. ह्यांच्याकडे जरा वेळ पाहिलं आणि फ्यूज त्यांच्यासमोर धरला. "धरा. मी वर येईपर्यंत द्यायचा नाही कोणाला."

ह्यांनी तो उजव्या मुठीत घट्ट धरला आणि टाकीच्या तोंडाशी जाऊन बसले. तासभर मामा आत घासत होते. तासभर हे तिथेच, अंगावरचे कपडे अंगावरच वाळवत. मी मध्ये चहा नेला. कप डाव्या हातानं घेतला, थोडा सांडला, पण उजवी मूठ काही उघडली नाही.